फुल सर्व्हिसचं जादा भाडं भरता ना, मग ते वसूल कसं करायचं (खान्देशातून उडणाऱ्यांसाठी)

आपल्याकडच्या माणसाला एकाच विमान कंपनीला धरून बसणं परवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मुंबई-पुण्याचा माणूस घरातून निघतो आणि दीड तासात विमानतळावर राहतो, आपल्याला आदल्या रात्री भुसावळ नाहीतर जळगावहून गाडी धरावी लागते, नंदुरबारवाला सुरतेला जातो, धुळ्याचा नाशिकच्या ओझरला किंवा थेट मुंबईला, आणि चाळीसगावचा माणूस कन्नड घाटात ट्रक आडवा झाला नसेल अशी देवाकडे प्रार्थना करत संभाजीनगर गाठतो. एवढं करून विमानात बसल्यावर सीटची पाठ मागे जात नाही, जेवण थंड, समोरचा स्क्रीन काळा, आणि तरी पुढच्या वेळी पुन्हा त्याच कंपनीचं तिकीट काढतो, का तर पॉइंट आहेत ना भो तिथं, त्याच कंपनीने उडत राहिलं की खात्यात जमतात नि पुढं तिकिटाला वापरता येतात ते.

तर हे लिहिणं त्या पॉइंटवाल्या भाऊ-ताईंसाठी. माझं म्हणणं एकच, निष्ठा दर तिकिटाला नव्याने ठरवायची. जादा पैसे कशाचे देतोय ते आधी बघायचं, ते मिळालं नाही तर कागद धरून मागायचं, आणि पॉइंट साठवून ठेवायचे नाहीत.

साठवायचे का नाहीत? किंगफिशर 2012 मध्ये बंद पडली, लोकांचे माइल्स, म्हणजे हेच पॉइंट, पाण्यात. जेट 17 एप्रिल 2019 ला थांबली. तिचा पॉइंटचा धंदा वेगळ्या कंपनीत होता म्हणून ते पॉइंट दुसऱ्या नावाने जिवंत राहिले, पण ज्या विमानासाठी जमवले ते विमानच उडेना. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीन झाली. यात पॉइंट बुडाले नाहीत, एअर इंडियाच्या महाराजा क्लब या पॉइंट योजनेत गेले, पण ज्या सर्व्हिससाठी माणसं विस्ताराला धरून होती ती सर्व्हिस काही खात्यात ट्रान्सफर होत नाही. आता भारतीय कंपन्यांत खऱ्या अर्थाने फुल सर्व्हिस म्हणावी अशी एअर इंडियाच उरली. समोर टक्कर द्यायला त्याच जातीची दुसरी कंपनी नसली की ग्राहकाचं लाड-कौतुक कमी होतं, याला अर्थशास्त्र शिकायची गरज नाही, गावात एकच दवाखाना असला की कंपाउंडरसुद्धा कसा बोलतो ते आपल्याला माहितीये.

तिकीट काढायच्या आधी

फुल सर्व्हिस म्हणजे बॅग, जेवण, सीट सगळं भाड्यात, असं आपल्या डोक्यात अजून बसलंय. तसं राहिलं नाही आता. एअर इंडियाचंच बघा, सरकारी होती तेव्हा देशांतर्गत इकॉनॉमीत 25 किलो बॅग फुकट होती, मग 20 झाली, आणि मे 2024 पासून सगळ्यात स्वस्त भाड्यात 15 किलो. म्हणजे इंडिगोएवढीच. एकाच विमानात, एकाच रांगेत बसलेल्या दोघांची तिकिटं वेगळ्या जातीची राहतात, एकाला तारीख बदलायला कमी पैसे, दुसऱ्याला भरपूर. म्हणून बुक करताना फक्त वरचा आकडा बघू नका, खाली भाड्याच्या प्रकाराचा जो तक्ता येतो तो उघडा, बॅग किती, सीट निवडायचे पैसे किती, रद्द केलं तर हातात किती येतात, हे तीन आकडे वहीत लिहा आणि मग स्वस्तवाल्या कंपनीच्या तिकिटात तेवढंच सामान नि सीट घालून तुलना करा. पुष्कळ वेळा फरक पाचसातशेचा निघतो, कधी दोन हजाराचा. पाचसातशे असेल तर जेवण नि थोडी मोकळी सीट म्हणून देऊन टाका. दोन हजार असतील तर स्वतःला विचारा की बुवा दोन तासाच्या प्रवासात मी नेमकं दोन हजाराचं काय खाणार आहे.

दुसरी गोष्ट, तिकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे विमान प्रत्यक्षात कोण चालवणार. एअर इंडियाच्या साइटवर घेतलेलं तिकीट एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानाचं निघू शकतं. ती स्वस्तातली कंपनी आहे. वाईट नाही, पण तुम्ही पैसे कशाचे मोजले ते बघा.

आणि हे जळगावकरांसाठी खास. जळगावहून अलायन्स एअर मुंबईला उडते म्हणून पुष्कळ लोक तिला अजून एअर इंडियाच समजतात. जानेवारी 2022 मध्ये टाटांकडे एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्सप्रेस गेल्या, अलायन्स सरकारकडेच राहिली. त्यामुळे जळगाव-मुंबई अलायन्सचं एक तिकीट नि मुंबई-दिल्लीचं एअर इंडियाचं दुसरं तिकीट असं वेगवेगळं काढलं आणि पहिलं छोटं एटीआर विमान धुक्यामुळे उशिरा निघालं तर दुसरी कंपनी तुम्हाला नो-शो, म्हणजे आलेच नाहीत, म्हणून सोडून देईल, नि दोघींपैकी कोणीच भांडायला सापडणार नाही. फ्लाय91 या छोट्या कंपनीच्या विमानाने पुणे-गोवा-हैदराबादला जाऊन पुढचं विमान पकडायचं असलं तरी तेच. डीजीसीए म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याचा नियम एकाच तिकिटावरच्या कनेक्शनला संरक्षण देतो, पहिल्या टप्प्यामुळे दुसरं विमान चुकलं तर जबाबदारी कंपनीची. वेगळ्या तिकिटाला नाही, रेल्वेला तर नाहीच नाही. अमरावती एक्सप्रेस तीन तास लेट आली हे विमान कंपनीच्या काउंटरवर सांगून बघा, बिचारे फक्त मान हलवतात.

म्हणून मुंबईहून सकाळचं विमान असेल तर आदल्या दिवशी पोचायचं. पावसाळ्यात कसारा घाटाचा भरवसा धरायचा नाही. आणि आता मुंबईत दोन विमानतळ झालेत, डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई पण सुरू झालंय, तिकिटावर बीओएम (जुनं मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई) ते बघूनच ठरवा कल्याणला उतरायचं का ठाण्याला का दादरला.

कंपनी खरंच घसरली की आपला एक दिवस वाईट गेला, हे कळायला एक फुकटचं साधन आहे. डीजीसीए दर महिन्याला देशांतर्गत वाहतुकीचा रिपोर्ट टाकतं, त्यात कंपनीवार वेळेवर सुटण्याची टक्केवारी, रद्द झालेल्या फेऱ्या आणि दर दहा हजार प्रवाशांमागे तक्रारी किती हे सगळं राहतं. एक महिना बघू नका, चारपाच महिने ओळीने बघा. आकडा सारखा खाली चाललाय तर जुन्या आठवणींवर तिकीट काढायचं बंद करा.

मोबाइल नंबर एजंटचा टाकू नका

हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय कारण आपल्याकडे निम्मी तिकिटं स्टेशन रोडच्या एजंटकडूनच निघतात. एजंट भला माणूस राहतो, चहा पाजतो, पण तिकिटावर नंबर नि ईमेल स्वतःचा टाकतो. मग विमान रद्द झाल्याचा मेसेज त्याला जातो, तो रात्री झोपलेला, आणि तुम्ही मुंबईच्या वाटेवर इगतपुरीला. याहून मोठी गोम अशी की डीजीसीएच्या नियमात स्पष्ट आहे, बुकिंगच्या वेळी प्रवाशाने पुरेसा संपर्क दिलेला नसेल तर कंपनी भरपाई द्यायला बांधील नाही. कंपनी म्हणेल आम्ही तर 24 तास आधीच कळवलं होतं. म्हणून एजंटसमोर बसूनच सांगायचं, भाऊ, नंबर माझा टाक, तुझा पाहिजे तर दुसरा म्हणून टाक. आणि मेंबरशिपचा नंबर पण तिथंच टाकून घ्या.

मेंबरशिपवरून आठवलं, नावाचा घोळ. आपल्या आधारवर मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, कुठं भाऊ तर कुठं बाई जोडलेलं. पॉइंटच्या खात्यात एक नाव नि तिकिटावर दुसरं असलं की पॉइंट जमा होत नाहीत. तिकीट जसं निघणार तसंच नाव खात्यात ठेवा. तरी जमा नाही झाले तर बोर्डिंग पास जपून ठेवलेला असला की मागून क्लेम करता येतो, त्याची मुदत राहते, तेव्हा परत आल्या आल्या खातं उघडून बघायचं. पास खिशातून चुरगळून फेकून देणारे आपण लोक, निदान फोटो तरी काढा.

उशीर, रद्द, जागा नाही

आता नियमाचं. मुंबई-दिल्ली हा प्रवास अडीच तासाच्या आतला धरला जातो, तिथं दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर चहा-नाश्ता-जेवण कंपनीने द्यायचं. अडीच ते पाच तासाच्या प्रवासाला तीन तास उशीर, त्याहून लांबच्याला चार. सहा तासाच्या वर देशांतर्गत उशीर असेल तर दुसरं विमान नाहीतर पूर्ण रिफंड, निवड तुमची. उशीर 24 तासांच्या वर गेला, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनच्या मधल्या विमानाला सहा तासांच्या वर, तर हॉटेल कंपनीच्या खर्चाने. हे काउंटरवरची पोरं स्वतःहून सांगत नाहीत. त्यांच्यावर ओरडू नका, ती बारा तास उभी राहतात, पण शांतपणे म्हणा की पॅसेंजर चार्टरप्रमाणे, म्हणजे प्रवाशांच्या हक्कांच्या सरकारी यादीप्रमाणे, जेवणाचं कूपन द्या. चार्टर हा शब्द ऐकला की सूर बदलतो.

विमान रद्द झालं आणि 24 तास आधी कळवलं नाही तर दोन वाटा. एक तर तुम्हाला पटेल असं दुसरं विमान, नाहीतर पूर्ण रिफंड आणि वर भरपाई. एक तासापर्यंतच्या प्रवासाला 5,000, एक ते दोन तासाला 7,500, दोन तासांच्या वर 10,000. पण थांबा, लगेच खुश होऊ नका, हा आकडा किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी ते. ते दोन्ही मिळून 3,900 असेल तर 3,900 च. आणि हवामान, एअर ट्रॅफिक, संप, दंगल असल्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाला भरपाई नाही. म्हणूनच कारण लेखी मागा. तोंडी सांगतात "ऑपरेशनल रीझन", त्यात काहीही बसतं. मेसेज, ईमेल, काउंटरचा शिक्का मारलेला कागद, काहीतरी घ्याच, आणि बोर्डावर दिसणाऱ्या वेळेचा फोटो.

रिफंड पैशातच मागा. क्रेडिट शेल (पैसे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच ठेवणं), व्हाउचर हे घ्यायचं की नाही ही मर्जी प्रवाशाची आहे, कंपनी आपणहून तसं करू शकत नाही.

तिकीट कन्फर्म, वेळेवर चेक-इन, तरी जागा नाही म्हटले, याला डिनाइड बोर्डिंग म्हणतात. एका तासाच्या आत निघणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवलं तर काही नाही. 24 तासांच्या आतलं विमान दिलं तर मूळ भाडं नि इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल 10,000. त्याच्या पुढे गेलं तर चौपट, कमाल 20,000. दुसरं विमान नकोच असेल तर रिफंड आणि वर ही चौपट रक्कम. आणि बिझनेसचं तिकीट काढून इकॉनॉमीत बसवलं तर फेब्रुवारी 2023 पासूनचा नियम आहे, देशांतर्गत प्रवासात करासह तिकिटाच्या 75 टक्के परत. नियम अधूनमधून बदलत राहतात, निघायच्या आधी डीजीसीएच्या साइटवरचा ताजा चार्टर मोबाइलमध्ये उतरवून ठेवा.

बॅगेचं थोडक्यात. पट्ट्यावर बॅग आली नाही किंवा फुटलेली आली तर विमानतळाच्या बाहेर पाय टाकायच्या आधी पीआयआर, म्हणजे बॅगेच्या तक्रारीची कंपनीकडची लेखी नोंद, करून घ्या, त्याशिवाय पुढचं सगळं लंगडं. फुटली तर 7 दिवसांत, उशिरा आली तर 21 दिवसांत लेखी तक्रार. देशांतर्गत कमाल 20,000, आंतरराष्ट्रीयला 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) म्हणजे पावणेदोन-दोन लाखांच्या आसपास. मामीने दिलेले बिबडे चुरा झाले म्हणून कोणी पैसे देत नाही, आणि जळगावहून घेतलेलं सोनं तर चेक-इन बॅगेत टाकायचंच नाही, ते अंगावर किंवा हातातल्या पिशवीत.

सीट मोडकी, जेवण नाही, स्क्रीन बंद

खरी घसरण इथंच दिसते आणि इथंच नियम मुका आहे. मोडक्या सीटला ठरलेली भरपाई कुठंच लिहिलेली नाही. मग तक्रार अशी करायची की वाचणाऱ्याला उत्तर टाळता येणार नाही. लोक दोन पानं लिहितात, आम्ही किती वर्षांपासून तुमचे ग्राहक, किती मनस्ताप झाला, देशाची शान वगैरे. त्यावर कॉपी-पेस्ट माफी येते नि विषय बंद. तोंडाला पानं पुसायची सोय आपणच करून देतो.

विमानातच क्रूला सांगा आणि नोंद करायला लावा, फोटो काढा (क्रूच्या चेहऱ्याचा नको, सीटचा), आणि घरी पोचायच्या आत, म्हणजे परतीच्या गाडीत बसल्या बसल्या, एवढंच लिहा :

"तारीख अमुक, फ्लाइट अमुक, मुंबई-दिल्ली, पीएनआर अमुक, सीट 14एफ. सीट निवडीचे 650 रुपये वेगळे भरले होते. सीटची पाठ मागे जात नव्हती, स्क्रीन बंद होता. टेकऑफनंतर क्रूला सांगितलं, दुसरी सीट मिळाली नाही. दोन फोटो जोडले आहेत. मागणी : 650 रुपये मूळ खात्यात परत आणि 15 दिवसांत लेखी उत्तर."

बस. रक्कम छोटी असली तरी आकडा लिहा, कारण आकड्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं, मनस्तापाला नुसतं सॉरी चालतं. इंग्रजीत पाठवलं तर काम लवकर होतं, कॉलेजला जाणाऱ्या पोरीकडून करून घ्या.

आधी कस्टमर केअर, उत्तर आलं नाही तर कंपनीच्या साइटवर नोडल ऑफिसरचा, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचा, ईमेल राहतो, त्याच्या वर अपेलेट अथॉरिटी, म्हणजे अपील ऐकणारा कंपनीचाच वरचा अधिकारी. तिथंही काही नाही तर विमान वाहतूक मंत्रालयाचं एअरसेवा हे तक्रारीचं पोर्टल, ॲप पण आहे. मग 1915, ग्राहक हेल्पलाइन. आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. याला लोक उगाच घाबरतात, वाटतं कंपनीचं ऑफिस दिल्ली-गुरुग्रामला, आपण कुठं जाणार. 2019 च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारचा माणूस आपल्याच जिल्ह्याच्या आयोगात. तिकिटाला मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी साइटवर ऑनलाइन दाखल होतं. मुदत घटनेपासून दोन वर्षं. कंपनीच्या लीगल खात्याला माणूस जळगावला पाठवणं तुमच्या 650 रुपयांपेक्षा फार महाग पडतं, हे तेही जाणतात.

एक मात्र सांभाळा. रागाच्या भरात बोर्डिंग पासचा फोटो सोशल मीडियावर टाकू नका. पीएनआर दिसला की कोणीही तुमचं बुकिंग उघडू शकतो, आणि पाच मिनिटांत "कस्टमर केअर" नावाच्या खोट्या खात्यावरून मेसेज येतो की नंबर द्या, ॲप डाउनलोड करा, रिफंड टाकतो. गूगलवर सापडलेला हेल्पलाइन नंबर पण लावू नका, कंपनीच्या साइटवरचाच घ्या.

पॉइंटचं काय करायचं

पॉइंट म्हणजे कंपनीकडे बिनव्याजी ठेवलेले पैसे, आणि त्याचा भाव कंपनीच ठरवते. म्हणून अधूनमधून हिशोब करा. समजा तिकीट रोखीने 7,200 ला आहे, तेच पॉइंटने घेतलं तर 9,000 पॉइंट आणि वर 900 रुपये कर. म्हणजे 6,300 रुपयांना 9,000 पॉइंट गेले, एक पॉइंट सत्तर पैशाला पडला. पुढच्या सहा महिन्यांनी त्याच मार्गावर पन्नास पैसे निघाला तर कंपनीने गुपचूप खिशात हात घातला असं समजा. भाव बरा असेल तेव्हा उडवून टाका, दिवाळीला मुलाकडे जायचंय त्याचं तिकीट आत्ताच काढा. क्रेडिट कार्डाचे पॉइंट आधीच विमान कंपनीकडे वळवून ठेवू नका, तिकीट समोर दिसतंय तेव्हाच वळवा, एकदा गेले की परत येत नाहीत.

सिल्व्हर-गोल्ड या मेंबरशिपच्या वरच्या पायऱ्यांच्या मागे लागून वर्षअखेरीला उगाच एखादी फेरी मारणारे पण पाहिलेत. जळगावात बसून गोल्ड कार्डाचा लाउंज किती वेळा वापरणार भो? कामासाठी दरमहा दिल्ली-बंगळुरू करणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याला जास्तीची बॅग नि रांग टाळणं खरंच उपयोगी पडतं. बाकीच्यांनी ज्या विमानाची वेळ आपल्या गाडीला जुळते ते घ्यावं. परतीचं विमान रात्री मुंबईला उतरून आपली एक्सप्रेस चुकणार असेल तर लाउंजमधला उपमा काय कामाचा.

टिकून राहायचं कोणी? लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेली आई, एकटी, गुडघे दुखतात, इंग्रजी येत नाही. तिच्यासाठी एकाच तिकिटावर मुंबईपासून शेवटपर्यंत बॅग जाणं, बुकिंगलाच व्हीलचेअर नोंदवलेली असणं, मधे एकच थांबा, हे थंड जेवणापेक्षा लाखपट मोठं. तिथं फुल सर्व्हिसला दोन पैसे जास्त द्या, भारतीय असो की परदेशी. व्हीलचेअर 48 तास आधी फोन करून पक्की करा आणि त्याचा मेसेज आईच्या पर्समध्ये छापून ठेवा.

बाकी सोडायचं ठरवलं तर खातं बंद करायची घाई नको, ते फुकट आहे, कधी परत लागलं तर नंबर राहतो. उरलेले पॉइंट आधी वापरा, तिकिटाएवढे नसतील तर कंपनीच्या दुकानात काही मिळतं का बघा. पण कंपनीचं को-ब्रँड, म्हणजे बँकेसोबत मिळून काढलेलं, क्रेडिट कार्ड असेल तर त्याची वार्षिक फी कोणत्या महिन्यात लागते ते स्टेटमेंटवर शोधा आणि त्याच्या महिनाभर आधी बँकेला लेखी कळवून बंद करा, फी लागल्यावर परत मिळवायला अजून एक भांडण करावं लागतं.